कुरुंदाचा प्रवास

सुतारकामावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करत होते. पटाशीला धार लावायच्या प्रकरणात ‘कार्बोरंडम’ हा शब्द आला. तो तसाच देवनागरीत लिहिणं सोपं होतं. पण त्या शब्दाचा अर्धा भाग मुळात आपल्याकडून गेलेला आहे.

तमिळमध्ये कुरुंदम्, संस्कृतात कुरुविंद, मराठीत कुरुंद. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त माणकाची उत्पत्ती सांगताना कुरुविंदाचं नाव येतं. आजचं रसायनशास्त्रही त्यांचं नातं मान्य करतं : माणिक आणि कुरुंद, दोन्ही ॲल्युमिनियम ऑक्साइडच. कठीणपणात हा दगड हिऱ्याखालोखालचा. आपल्याकडचे कारागीर त्याची पूड वितळलेल्या लाखेत कालवून घासायची चाकं घडवत. लाख कणांना धरून ठेवते. वरचे कण झिजून सुटले की खालचे उघडे पडतात आणि चाक कापत राहतं. आजच्या कारखान्यातला धारेचा दगडही याच तत्त्वावर चालतो. लाखेचं काम तिथे बहुधा भट्टीत भाजलेली माती करते.

१७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल यांचा आशियातल्या कोरंडमवरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. पुढे १८९१मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन विजेच्या भट्टीत माती आणि कोकची पूड तापवत असताना त्यांना चमकदार, कठीण स्फटिक मिळाले. कार्बन आणि कोरंडम यांचं हे संयुग असावं, असं समजून त्यांनी नाव दिलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होतं. समज चुकीचा ठरला, नाव मात्र टिकलं. १९५४मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने मद्रासमध्ये ‘कार्बोरंडम युनिव्हर्सल’ उभी राहिली. तमिळ मुलखातला शब्द असा परदेशी उत्पादनाचं नाव होऊन घरी आला.

व्युत्पत्तिकोश आपल्याला कुरुंदम्पर्यंत नेऊन सोडतात. भाषेचं श्रेय भाषेला मिळतं, हाताचं हाताला मिळत नाही. ग्रेव्हिल आणि ॲचेसन नावानिशी ठाऊक आहेत. लाखेत पूड कालवणारा पहिला माणूस नाही. शस्त्रं घासून लखलखीत करणाऱ्यांना आपण शिकलगार म्हणतो. हा शब्द अरबी-फारसीतल्या ‘सैकल’वरून, म्हणजे झिलईवरून आला. तेही नाव धंद्याचं, माणसाचं नव्हे.

अनुवादात मी ‘कार्बोरंडम’ तसाच ठेवला, कारण त्या वस्तूचं ते रूढ नाव आहे. दोन्ही दगडांना ‘कुरुंद’ म्हटलं असतं, तर ॲचेसन यांचा गैरसमज मराठीत पक्का झाला असता. पण मूळ पुस्तकात जिथे जिथे कोरंडम होता, तिथे मी ‘कुरुंद’ लिहिलं. दोन्ही शब्द एकाच पानावर आले की वाचकाला त्यांचं नातंही दिसेल आणि फरकही.