साडेसहा फुटांचं नेट आणि चोवीस तासांची ऑफर

मागच्या जुलैत रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. ती टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहते. "शीट शेअर केलंय, उघड आधी," एवढंच म्हणाली. शीटमध्ये चार व्हॉलिबॉल क्लब होते. रकाने असे: वर्षाची फी, आठवड्याचा सराव, बाहेरगावच्या स्पर्धा आणि शेवटी 'गेल्या वर्षी किती मुलींना कॉलेजची स्कॉलरशिप'. माझी भाची तेव्हा बारा वर्षांची होती. निवड चाचण्या नुकत्याच झाल्या होत्या. एका नामवंत क्लबने तिला तिसऱ्या संघात जागा देऊ केली होती आणि उत्तर चोवीस तासांत हवं होतं. दुसरा क्लब लहान होता, पण तिथे ती पहिल्या संघात असणार होती.

"तू इंजिनीअर ना? प्रत्येक रकान्याला वेटेज लाव आणि सांग कुठला," ताई म्हणाली. मागून दाजींचा आवाज आला, "फीच्या रकान्याला जास्त लाव."

मी सांगली जिल्ह्यातल्या गावात वाढलो. संध्याकाळी शाळेच्या मैदानात दोन बांबूंना जाळी बांधायची आणि शूटिंग बॉल सुरू. निवड चाचणी वगैरे नाही. जो वेळेवर आला तो संघात, उशिरा आला तो बॉल आणायला. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीचं खेळणं हा घर घेण्यासारखा व्यवहार कसा झाला, हेच मला कळेना. त्या रात्री आणि पुढचे काही आठवडे मी या खेळाचा इतिहास वाचत बसलो. वेटेज बाजूलाच राहिलं. मुळात रकानेच चुकलेत असं वाटायला लागलं.

गोष्ट सुरू होते १८९५ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी. तिथल्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन हा तरुण व्यायामाचे वर्ग घ्यायचा. चारच वर्षांपूर्वी शेजारच्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल शोधला होता. पोरांना तो फार आवडला. पण मॉर्गनच्या वर्गात येणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना ती धक्काबुक्की झेपेना. मग त्याने टेनिसचं नेट साडेसहा फुटांवर बांधलं आणि दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना भिडणारच नाहीत असा खेळ तयार केला. त्याचं नाव ठेवलं 'मिंटोनेट'. पहिल्या नियमांत एका बाजूला किती खेळाडू हवेत याचं बंधनही नव्हतं. जितके जमतील तितके. १८९६ मध्ये स्प्रिंगफील्डला प्रात्यक्षिक झालं, तेव्हा आल्फ्रेड हॉल्स्टेड नावाच्या प्राध्यापकाने 'व्हॉली बॉल' हे नाव सुचवलं आणि तेच टिकलं.

म्हणजे हा खेळ जन्मला तो कुणी बाहेर राहू नये म्हणून. वायएमसीएनेच तो जगभर नेला. मद्रासमध्ये हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. भारतात हा खेळ रुजला त्यात या संस्थेचा मोठा हात होता. आमच्या गावच्या त्या जाळीची वंशावळ काढली, तर ती होल्योकलाच पोचते.

मग निवड, फी, करार हे सगळं आलं कुठून?

माझ्या वाचनात याचं मोठं कारण सापडलं ते एका चांगल्या कायद्यात. १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' मंजूर झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मूळ इंग्रजी कलम अवघ्या ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. पण परिणाम सगळ्यात ठळक दिसला तो मैदानावर. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्याही आत होत्या. पुढच्या सहा वर्षांत त्या वीस लाखांवर गेल्या. मुलांच्या फुटबॉल संघात खेळाडू ढिगाने लागतात, तेव्हा मुलींसाठीही तेवढ्या संधी उभ्या करणं कॉलेजांना भाग होतं. व्हॉलिबॉल त्यात चपखल बसला: जिम आधीच होतं, साहित्य स्वस्त.

फ्लो हायमन ही त्या पिढीची नायिका. सहा फूट पाच इंच उंचीची ही कृष्णवर्णीय मुलगी ह्यूस्टन विद्यापीठाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली महिला खेळाडू ठरली. पुढे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या संघाला रौप्यपदक मिळालं, त्यात ती होती. १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना, ३१ व्या वर्षी, ती कोसळली आणि गेली. तिला मार्फन सिंड्रोम होता, हे मृत्यूनंतर कळलं. तिच्यासारख्या मुलींना शिष्यवृत्तीने जे दिलं ते खरंच मोठं होतं. त्यामुळे आज क्लबच्या नावाने बोटं मोडताना ही बाजू विसरून चालणार नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना बघायला ९२,००३ माणसं स्टेडियममध्ये आली होती, हे त्याच रोपट्याचं झाड.

पण शिष्यवृत्ती आली की तिच्या दारात रांग लागते. शाळेचा मोसम शरद ऋतूत काही आठवड्यांत संपतो. उरलेलं वर्षं भरून काढायला क्लब उभे राहिले. कॉलेजच्या प्रशिक्षकांनाही शाळा-शाळा हिंडण्यापेक्षा एकाच छताखाली शेकडो संघ बघणं सोयीचं. हळूहळू शाळेचा संघ गौण झाला आणि कॉलेजचा रस्ता क्लबमधून जायला लागला. रस्ता खासगी असला की टोल आलाच. ताईच्या शीटमधला टोल वर्षाला दोन हजारांपासून सात हजार डॉलरपर्यंत होता, विमानाची तिकिटं आणि हॉटेलं वेगळी.

आता माझ्या आवडीचा भाग, गणित. कॉलेजांच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, महिला व्हॉलिबॉल खेळणाऱ्या संस्था साधारण सव्वातीनशे. अनेक वर्षं नियम असा होता की एका संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्या. सगळ्यांनी सगळ्या दिल्या असं धरलं, तरी चार हजारांच्या आसपास जागा होतात. हायस्कूलमध्ये व्हॉलिबॉल खेळणाऱ्या मुली साडेचार लाखांहून जास्त. दोन्ही आकडे चार-चार वर्षांच्या वर्गांचे, म्हणून सरळ भागाकार चालतो: शंभरात एक, तोही जेमतेम. २०२५ पासून नियम बदलले आहेत. नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना संघात १८ जणी ठेवता येतात आणि शिष्यवृत्ती किती द्यायची ते कॉलेज ठरवतं. भागाकाराचं उत्तर त्यानेही फार हलत नाही. खालच्या गटांत आणखी काही जागा आहेत, पण तिथे बहुतेकदा अर्धीमुर्धी मदत मिळते. बारावीपर्यंतची क्लबची फी बँकेत ठेवली तर कॉलेजचा बराच खर्च त्यातच निघेल, असं दाजी म्हणाले ते काही चूक नव्हतं.

स्वप्न महाग असतं, तेव्हा माणसं ते विकणाऱ्याला प्रश्न विचारत नाहीत. या इतिहासातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं पान तेच आहे. शिकागो परिसरात एक अतिशय यशस्वी मुलींचा क्लब होता. १९९५ मध्ये राष्ट्रीय संघटनेने त्याच्या प्रशिक्षकावर बंदी घातली. १९८० च्या दशकात त्याने अल्पवयीन खेळाडूंचं लैंगिक शोषण केलं, अशी तक्रार माजी खेळाडूंनी केली होती. त्याने आरोप नाकारले. २००० मध्ये बंदी अंशतः उठली. कायमची बंदी आली ती २०१८ मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत क्लब चालू होता, जिंकत होता आणि पालक मुली पाठवत होते. काहींना माहीत नसेल. काहींना माहीत असूनही जिंकलेल्या स्पर्धा आणि मिळालेल्या शिष्यवृत्त्या जास्त मोठ्या दिसल्या असतील.

२०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत या विषयावर कायदा झाला. तोवर जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या डॉक्टरचं प्रकरण बाहेर येऊन देश हादरला होता. आता संघटनेशी जोडलेल्या प्रौढ व्यक्तीला अत्याचाराचा संशय आला, तर चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. सेफस्पोर्ट केंद्राच्या संकेतस्थळावर कारवाई झालेल्या व्यक्तींची यादी कुणालाही बघता येते. प्रशिक्षकाने खेळाडूला एकट्याने भेटायचं तर इतरांना दिसेल आणि मधे येता येईल अशा ठिकाणी. मेसेज करायचा तर त्यात पालकही हवेत.

त्या रात्री दीडच्या सुमारास मी ताईला फोन लावला आणि शीटमधला शेवटचा रकाना उडवायला सांगितला. त्या जागी आम्ही नवे रकाने टाकले. या संघाला, क्लबला नव्हे, नक्की कोण शिकवणार? एका वेळी कोर्टवर सहाच मुली असतात आणि संघात बारा. मग उरलेल्या सहा जणींना किती खेळवणार आणि ते कुठे लिहिलेलं आहे का? सराव पालकांना बसून बघता येतो का? त्या प्रशिक्षकाचं नाव यादीत तपासलं का? मधेच सोडलं तर फी परत किती? गेल्या वर्षीच्या किती मुली त्याच संघात परत आल्या? आणि शेवटचा रकाना भाचीने स्वतः भरायचा.

दुसऱ्या दिवशी ताईने दोन्हीकडे फोन केले. नामवंत क्लबने तिसऱ्या संघाचा प्रशिक्षक अजून ठरलेला नाही असं सांगितलं, तरी सही मात्र संध्याकाळपर्यंत हवी होती. लहान क्लबच्या बाईंनी पाऊण तास उत्तरं दिली आणि मुलीला एकदा सरावाला घेऊन या म्हणाल्या. भाचीने तिच्या रकान्यात एकच ओळ टाईप केली होती: मला बेंचवर बसायचं नाहीये.

ती लहान क्लबकडून खेळते. फी कमी असली तरी कमी वाटत नाही, असं दाजी अजूनही म्हणतात. तो मोठा क्लब सोडून चूक तर केली नाही ना, हे ताई महिन्यातून एकदा मला विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं. मागच्या आठवड्यात तिने स्पर्धेचा व्हिडिओ पाठवला. भाचीची पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली, दुसरी बाहेर. संघ हरला. पण ती सगळे सेट कोर्टवर होती, आणि शेवटच्या पॉइंटनंतर जाळीखालून हात घालून समोरच्या मुलीशी काहीतरी बोलून हसत होती. काय बोलली, ते विचारायचं राहून गेलं.