भुतामागचा माणूस

भयपट आणि थरारपट यांना आपल्याकडे सर्रास एकाच पंगतीला बसवले जाते. काळोखी हवेली, करकरणारे दार, पांढऱ्या साडीतली स्त्री दिसली की झाला भुताचा सिनेमा! हिंदी चित्रपटाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. दिग्दर्शक कमाल अमरोही. कलाकार अशोककुमार, मधुबाला. ओसाड महालातली ‘कामिनी’ भटकणारी रूह वाटते. शेवटी ती निघते माळ्याची मुलगी आशा. बिरेन नाग यांच्या ‘बीस साल बाद’मध्ये (१९६२) सुडाने खून करणारा हात माणसाचाच. राज खोसलांच्या ‘वह कौन थी’मध्ये (१९६४) तर डॉक्टर नवरा आपल्या बायकोलाच भूत समजून दूर लोटतो. उलगडा होतो तेव्हा कळते, हा वारशाच्या संपत्तीसाठी नातलगाने रचलेला डाव होता. हे तिन्ही चित्रपट म्हणजे भुताचा पोशाख घातलेले थरारपटच होत.

याच काळात बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ने (१९५८) दोन्ही प्रकार एका प्रसंगात आणले. खुन्याकडून कबुली घेण्यासाठी मधुमतीसारख्या दिसणाऱ्या मुलीने तिचे सोंग घ्यायचे ठरते. इथवर थरारपट. पण ती मुलगी पोहोचते उशिरा. मग आधी आली ती कोण? या एका प्रश्नाने चित्रपट भयपटाच्या उंबरठ्यावर येतो.

रामसे बंधूंनी पुढे तो उंबरठा ओलांडला. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी खराखुरा सैतान. तिथे चौकशी, पुरावा, कोर्टकचेरी काही कामाची नाही.

फरक आहे तो इथेच. थरारपट विचारतो, ‘हे कोणी केले, कशासाठी?’ भयपट विचारतो, ‘यातून सुटायचे कसे?’ करमणुकीला दोन्ही चालतील, जगण्यात नाही. घरातली सून गप्प राहू लागली, रात्री दचकून उठू लागली की ‘हिला बाहेरचे झाले’ म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. तिला त्रास कोण देते, तिला कोणता आजार आहे, हे विचारायचे राहूनच जाते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायदा दारात पोहोचण्याआधी हा प्रश्न आपणच घरात विचारायला हवा. ‘वह कौन थी’तली बायको निर्दोष ठरली, ती भुतामागचा माणूस सापडला म्हणून. आम्हाला वाटते, आमच्या मुलामुलींनी या जुन्या चित्रपटांतून एवढे जरी उचलले तरी पुष्कळ झाले.