जिराच्या पोटातलं प्लगइन

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करताना एक जार फाईल सापडली. मीच लिहिलेलं, जिराचं प्लगइन. आधी हसू आलं, मग जरा खजील झालो. कारण सांगतो, पण आधी थोडा इतिहास.

जिरा आलं २००२ साली, सिडनीहून. माइक कॅनन-ब्रूक्स आणि स्कॉट फारक्वार या दोन कॉलेजमित्रांच्या ॲटलासियन कंपनीचं. ते आधी बगझिला वापरायचे. त्यावरून गॉडझिलाचं जपानी नाव 'गोजिरा', आणि त्याचं झालं जिरा. आपल्या फोडणीशी काही संबंध नाही :)

खरी गंमत अशी, की विकत घेणाऱ्याला सोर्स कोडही मिळायचा. शिवाय वर्कफ्लोच्या प्रत्येक पायरीवर आपला कोड अडकवायला तीन खुंट्या होत्या. कंडिशन म्हणजे बटण कोणाला दिसावं. व्हॅलिडेटर म्हणजे भरलेली माहिती चालेल का. आणि पोस्ट-फंक्शन म्हणजे पायरी ओलांडल्यावर काय घडावं. २००९ च्या ४.० आवृत्तीआधी तर जार फाईल सर्व्हरच्या लिब फोल्डरात टाकायची आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. सगळे जेवायला गेले की आम्ही हा उद्योग करायचो.

माझी कंडिशन साधी होती: ज्याने बदल केला, त्यानेच तो मंजूर करायचा नाही. जेमतेम पन्नास ओळी. ऑफिसबाहेर कुणाला दिली नाही. म्हटलं, एवढ्याशा कोडचं काय कौतुक?

त्याच काळात जेमी एक्लिन यांनी जिरात ग्रूव्ही स्क्रिप्ट चालवणारं प्लगइन लिहिलं आणि चक्क फुकट वाटलं. तेच पुढे स्क्रिप्टरनर झालं. २०१२ मध्ये ॲटलासियनने मार्केटप्लेस उघडलं आणि प्लगइन लिहिणं हा रीतसर धंदा झाला.

मग १५ फेब्रुवारी २०२४ ला जिरा सर्व्हरचा सपोर्ट संपला. क्लाऊडवर आपली जार जिराच्या पोटात टाकता येत नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं. त्या आधी जुन्या ऑफिसातल्या मित्राचा फोन आला. "अरे, तुझ्या कोडमध्ये एका माणसाला सूट आहे. का रे?"

मला आठवेचना! दोन दिवसांनी आठवलं. तो त्याच्या टीममध्ये एकटाच होता, त्याला मंजुरी देणारं दुसरं कुणी नव्हतंच. पण तोवर त्यांनी सूटही काढली होती आणि नियमही. कशासाठी होता हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

स्क्रिप्टरनर मात्र क्लाऊडवरही पोचलं. त्यामागे अर्थात पैसा आणि माणसं आहेत. पण मला वाटतं, अनोळखी माणसाला काही द्यायचं म्हटलं की 'हे का केलं' ते लिहावंच लागतं. माझं प्लगइन मी कुणाला दिलं नाही, म्हणून ते 'का' फक्त माझ्या डोक्यात राहिलं.

असो. जार अजून डिलीट केलेली नाही. शेजारी एक टेक्स्ट फाईल ठेवली आहे, चार ओळींची. पंधरा-सोळा वर्षं उशिरा.