रिकाम्या वाटांचा इतिहास

वित्तोरियो दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) हा चित्रपट आम्ही पदव्युत्तर वर्गाला अनेक वर्षे दाखवत आलो आहोत. नायकाची सायकल चोरीला जाते आणि तिच्याबरोबर त्याची नोकरीही धोक्यात येते, एवढेच कथासूत्र. पण सायकल म्हणजे भाकरी हे समीकरण विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अलीकडे मात्र चर्चेच्या वेळी एखादा विद्यार्थी दुसऱ्याच इटलीचा उल्लेख करतो : जाड टायरांच्या सायकली, डोंगरमाथ्यावरून गेलेले पांढुरके खडीचे रस्ते आणि नजर पोहोचेल तिथवर एकही मोटार नाही. ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ या नावाने हा छंद आता जगभर ओळखला जातो आणि त्याच्या छायाचित्रांत इटलीचे डोंगर वारंवार दिसतात. एकाच देशातील सायकलीच्या या दोन प्रतिमांच्या दरम्यान काय घडले, या कुतूहलाने आम्ही त्या रस्त्यांचा इतिहास वाचू लागलो.

सायकलस्वाराला तिथे शांतता भेटते. इतिहासाच्या वाचकाला मात्र आधी एक साधी शंका यायला हवी. ज्या रस्त्यावर आज कुणी जात नाही, तो मुळात बांधला कुणी आणि कशासाठी? दोन हजार मीटर उंचीवर सुरुंग लावून, खडी पसरून, वळणांना दगडी बांध घालून कुणी उगाच रस्ता करत नाही. या वाटांचे रिकामेपण हे निसर्गाचे देणे नसून इतिहासाने मागे ठेवलेली शिल्लक आहे, आणि ती कुणाच्या खात्यातली हे न विचारता तिचे सौंदर्य वर्णन करणे अपुरे आहे, असे आम्हाला वाटते.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. खडीचा रस्ता हा इटलीच्या डोंगरांत फार काळ अपवाद नव्हता, तोच नियम होता. ‘जिरो दितालिया’ ही सायकल शर्यत १९०९ साली सुरू झाली. तिच्या इतिहासातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध टप्पा १० जून १९४९ रोजी कूनेओ ते पिनेरोलो असा झाला. सुमारे २५४ किलोमीटरांचे अंतर, वाटेत आल्प्सच्या पाच खिंडी आणि त्या घाटरस्त्यांचा बराच भाग कच्चा. फाउस्तो कोप्पी १९२ किलोमीटर एकटा पुढे राहिला आणि जिनो बार्तालीला जवळजवळ १२ मिनिटांनी मागे टाकून पोहोचला. त्या वर्षी ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या वृत्तपत्राने शर्यतीचे वार्तांकन करायला कादंबरीकार दिनो बुत्साती यांना पाठवले होते. त्यांना कोप्पी-बार्तालीच्या झुंजीत ‘इलियड’मधले अकिलीस आणि हेक्टर दिसले. महाकाव्याची उपमा सुचावी असा तो रस्ता होता. पण त्या काळच्या डोंगरी माणसासाठी तो केवळ बाजारला जाण्याचा रस्ता होता, हेही विसरता येत नाही.

बुत्साती यांचे नाव इथे आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. त्यांची १९४० ची ‘तार्तारांचे वाळवंट’ ही कादंबरी सीमेवरच्या एका किल्ल्यात शत्रूची वाट पाहत आयुष्य घालवणाऱ्या अधिकाऱ्याची कथा आहे. पश्चिम आल्प्समधील रस्त्यांचा इतिहास वाचताना ही कादंबरी सतत आठवत राहते. सूझा आणि किझोने या दोन खोऱ्यांमधली ‘कोल्ले देल्ले फिनेस्त्रे’, म्हणजे शब्दशः खिडक्यांची खिंड, २१७० मीटरांहून उंच आहे. सूझाकडून चढताना शेवटचे सुमारे आठ किलोमीटर आजही खडीचे आहेत. २००५ साली ‘जिरो’ने हा घाट प्रथम घेतला आणि तो जगाच्या नकाशावर आला. मुळात ही वाट लष्करी. पलीकडच्या उतारावर फेनेस्त्रेल्लेचा प्रचंड किल्ला आहे; १७२८ साली त्याचे बांधकाम सुरू झाले, ते सव्वाशे वर्षांच्या आसपास चालले. डोंगराच्या धारेवरून चढत जाणारा सुमारे चार हजार पायऱ्यांचा झाकलेला जिना हे त्याचे वैशिष्ट्य. खिंडीपासून धारेने सेस्त्रिएरेकडे जाणारा आस्सिएत्ताचा रस्ताही सैन्याचाच. त्याच धारेवर १९ जुलै १७४७ रोजी पिएमोन्तेच्या फौजेने फ्रेंचांना परतवले होते.

या रस्त्यांपैकी पुष्कळसे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. १८८२ साली इटलीने जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी त्रिपक्षीय करार केला. साहजिकच फ्रान्स हा संभाव्य शत्रू ठरला आणि त्या सीमेवर किल्ले, बराकी आणि तोफा वर नेण्यासाठी रस्ते उभे राहिले. तोफगाडी ओढून न्यायची तर चढ बेताचा हवा आणि वळण रुंद हवे. आज सायकलस्वाराला हे रस्ते अंगावर येत नाहीत, याचे श्रेय असे त्या तोफांना द्यावे लागते! लिमोनेहून मोनेझीकडे जाणारा ‘मिठाचा उंच मार्ग’ यांपैकीच एक. लिगुरियाच्या किनाऱ्यावरून पिएमोन्तेत खेचरांच्या पाठीवर मीठ नेणाऱ्या जुन्या वाटांची स्मृती त्याच्या नावात आहे. बांधणी मात्र लष्कराची. जून १९४० मध्ये मुसोलिनीने फ्रान्सवर हल्ला केला, त्याची परिणती १९४७ च्या पॅरिस तहात झाली आणि तेंदा व ब्रिगा हा मुलूख फ्रान्सकडे गेला. ज्या देशाविरुद्ध हा रस्ता बांधला, त्याच देशाच्या हद्दीतून तो आज काही अंतर जातो. अलीकडच्या वर्षांत इथे आणि आस्सिएत्तावर उन्हाळ्यातील ठरावीक दिवशी मोटारींना मज्जाव असतो. शांततेचेही वेळापत्रक करावे लागते, हे आपल्या काळाला धरूनच झाले.

पूर्वेकडे शत्रू नुसता कल्पनेतला राहिला नाही. व्हेनेतोमधील पासूबियो पर्वतावर १९१७ च्या फेब्रुवारी ते नोव्हेंबर या काळात इटालियन सुरुंगकामगार सैनिकांनी कडा पोखरून ५२ बोगद्यांचा मार्ग काढला. लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर. त्यांपैकी सव्वादोन किलोमीटरांहून अधिक बोगद्यांतून. ऑस्ट्रियन तोफांच्या नजरेआड खेचरांनी दारूगोळा आणि रसद वर न्यावी, एवढाच हेतू. आज तिथे पायी जाता येते. धोका लक्षात घेऊन सायकलींना बंदी आहे. त्या बंदीत आम्हाला एक औचित्यही दिसते.

सैन्ये गेली तरी रस्ते ओस पडायला एवढे कारण पुरेसे नव्हते. डोंगरात गावे होती, गुरे होती, चेस्टनटच्या बागा होत्या. ती माणसे कुठे गेली? याचे उत्तर शोधण्यात नूतो रेवेल्ली यांनी वर्षे घालवली. रशियाच्या आघाडीवरून परतलेला हा पहाडी पलटणीचा अधिकारी पुढे टेपरेकॉर्डर घेऊन कूनेओ प्रांतातील शेतकऱ्यांच्या दारोदार फिरला. त्या मुलाखतींतून १९७७ साली ‘पराभूतांचे जग’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक आले. दुसऱ्या महायुद्धानंतर खोऱ्यांतील तरुण पिढी कारखान्यांकडे गेली आणि वर म्हातारी माणसे उरली, हे त्या साऱ्या निवेदनांचे सार म्हणता येईल. तुरीनचा मुख्य कारखाना मोटारींचा होता. मोटारी बनवायला माणसे खाली उतरली आणि त्यांच्या गावचा रस्ता मोटारींवाचून राहिला. जिथे मतदारच उरला नाही, तिथे डांबर टाकण्याची निकड कुणाला वाटणार?

तोस्कानाच्या ‘पांढऱ्या रस्त्यां’ची कथा थोडी वेगळी असली तरी याच जातीची आहे. हा प्रदेश टेकड्यांचा. तिथे शतकानुशतके अर्धलीची शेती होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. विखुरलेल्या शेतघरांना जोडणारे चुनखडीचे रस्ते ही त्या व्यवस्थेची गरज होती. १९६४ च्या कायद्याने अर्धलीचे नवे करार बंद झाले. त्याआधीच कुळे शहरांकडे निघाली होती. शेतघरे ओस पडली, काही पुढे सुट्टीतली घरे झाली. उरलेले रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून जियांकार्लो ब्रोच्ची यांच्या पुढाकाराने गायोले इन क्यान्ती या गावी १९९७ साली जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी ९२ जण होते. पुढे हजारो येऊ लागले. २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यतही होते.

इथे साहित्याच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. लोकरी जर्सी, जुन्या चौकटीच्या सायकली, धूळ : हे सारे स्मरणरंजन आहे, अशी टीका सहज करता येईल. ती खोटी नाही. ज्या कुळाला तो रस्ता सोडून जाताना सुटल्यासारखे वाटले असेल, त्याच रस्त्याला आपण रम्य म्हणतो. परंतु त्या रंजनानेच रस्ता वाचवला, हेही तितकेच खरे. स्मरण आणि स्मरणरंजन यांच्यातील सीमारेषा पाठ्यपुस्तकात जितकी ठळक दिसते, तितकी ती जमिनीवर दिसत नाही.

उम्ब्रियातील स्पोलेतो-नॉर्चा रेल्वेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. स्विस अभियंता एर्विन टोमान यांच्या आराखड्यानुसार झालेली, ९५० मिलिमीटर रुंदीची ही विजेवरची लहान गाडी १९२६ साली सुरू झाली. अंतर अवघे ५१ किलोमीटर. त्यात १९ बोगदे आणि २४ पूल. मोटारी आणि बसगाड्यांपुढे तिचा निभाव लागला नाही आणि १९६८ साली ती बंद पडली. रूळ गेले, भराव राहिला. तोच आज सायकलवाट झाला आहे. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ दोन किलोमीटरांचा, आत शिरण्यापूर्वी दिवा हवाच. अॅपेनाइन्सची ही भूमी मात्र स्थिर नाही. ३० ऑक्टोबर २०१६ च्या ६.५ तीव्रतेच्या भूकंपात नॉर्चाचे संत बेनेडिक्टचे चर्च कोसळले, दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. या वाटेचेही नुकसान झाले. मोटारींनी संपवलेली रेल्वे मोटारीविना फिरू इच्छिणाऱ्यांच्या उपयोगी पडली आणि तीही पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागते.

याच उम्ब्रियाच्या उत्तरेकडे टायबर नदीचे वरचे खोरे आहे. १० जुलै १९४४ रोजी तिथल्या चढावर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून गेले आणि त्यांनी ते ठाणे निकामी केले. पाठोपाठ शत्रूच्या गोळ्या लागून त्यांना मृत्यू आला. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्वतंत्र थडगे नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. त्यांचे गाव पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातले पळसगाव. २०२३ साली मोन्तोने या गावी त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले.

कोकणातल्या तरुणाने तो डोंगर पाहिला तो असा. आपल्याकडची इटलीची प्रवासवर्णने बहुधा रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस एवढ्यावर थांबतात आणि या वाटांना त्यांत जागा मिळत नाही. आता सायकलच्या निमित्ताने मराठी माणूसही तिथे जाऊ लागला, तर त्याने जरूर जावे. शांतता उपभोगणे हा काही अपराध नव्हे. फक्त मोन्तोनेच्या त्या घड्याळापाशी पायउतार होऊन सावली कुठे पडली आहे ते पाहावे आणि परतल्यावर लिहिताना वाटेत न भेटलेल्या माणसांविषयीही दोन परिच्छेद लिहावेत.