विवाहांतर्गत बलात्कार : न्यू जर्सीचा कायदा आणि भारतीय अपवाद

विवाह पुण्यात झालेला असो वा नागपुरात, वेस्ट विंडसरमध्ये पतीने पत्नीवर तिच्या संमतीविना लादलेला संभोग हा न्यू जर्सीच्या कायद्याने लैंगिक अत्याचारच ठरतो. कृत्य जेथे घडले तेथील कायदा लागू होतो. खटला मर्सर काउंटीचे प्रॉसिक्युटर चालवतात आणि या गुन्ह्याच्या फिर्यादीस कालमर्यादा नाही.

१९७९ मध्ये अमलात आलेल्या राज्याच्या दंडसंहितेने विवाहाचा बचाव स्पष्ट शब्दांत काढून टाकला. त्यापूर्वीच्या, १९७५ मधील एका प्रकरणात विभक्त राहणाऱ्या पतीने जुन्या इंग्रजी परंपरेचा आधार घेतला; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८१ मध्ये ‘स्टेट विरुद्ध स्मिथ’ या निकालात फेटाळला. ही परंपरा न्यायाधीश मॅथ्यू हेल यांच्या १७३६ मध्ये, मरणोत्तर छापल्या गेलेल्या विधानावर उभी होती. त्या विधानास त्यांनी एकही पूर्वनिर्णय दाखवलेला नाही, हे विशेष.

भारतात तोच अपवाद १८६० च्या दंडसंहितेतून २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये उतरला. पत्नी १८ वर्षांखालील असेल वा विभक्त राहत असेल, तरच पतीस शिक्षा होऊ शकते. ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या अपवादाविषयी परस्परविरोधी निकाल दिले.

एच-४ व्हिसावरील पत्नीला तक्रार करताना निवासाचा हक्क गमावण्याची धास्ती असते. तपासास साहाय्य करणाऱ्या पीडितेस स्वतंत्रपणे यू व्हिसा मागता येतो; परंतु वर्षाला १०,००० मुख्य अर्जदारांचीच मर्यादा असल्याने प्रतीक्षा दीर्घ असते. न्यू जर्सीतील ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांना साहाय्य करते.