वेदगंगेचा गाळ, हंसलदीवीचा किनारा

वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूरच्या सह्याद्रीत उगम पावतात, निपाणी परिसरातल्या भोजजवळ एक होतात आणि पुढे कल्लोळपाशी कृष्णेला मिळतात. तिथून आंध्रातल्या हंसलदीवीच्या समुद्रापर्यंतचा प्रवास पाण्याला काही दिवसांत उरकता येतो. गाळाला मात्र पुरामागून पूर थांबत-थांबत जावे लागते.

पहिल्या जोरदार पावसात घाटमाथ्यावरची तांबडी माती आणि खालच्या शिवारातली काळी माती ओढ्यांतून नदीत उतरते. भरड वाळू तळाने घरंगळते, बारीक चिकणमाती पाण्याबरोबर वाहते. वर्षाचा बहुतेक गाळ पावसाळ्यातल्या मोजक्या पुरांतच पुढे सरकतो. पूर पात्राबाहेर पसरला की त्याचा वेग मरतो आणि पोयटा काठावर बसतो. मळीच्या जमिनी अशाच तयार झाल्या. 2019 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, तेव्हा नदीचे पसरण्याचे जुने क्षेत्र सगळ्यांना दिसले.

खाली विजयवाड्यानंतर उतार जवळपास संपतो. पुलिगड्डाला कृष्णा फुटते आणि दोन फाट्यांमध्ये दिविसीमा उरते. खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात व बुडतात. वाळू लाटा उचलून किनाऱ्याने पसरवतात. सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी स्थिरावल्यावर हा त्रिभुज प्रदेश अशा गाळावर पुढे सरकत गेला. त्यावर 1855 मध्ये बेजवाड्याचा (आजच्या विजयवाड्याचा) बंधारा पूर्ण झाला आणि कालव्यांची भातशेती वाढली.

वर महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे गाळाला फारसे आडवे येत नाहीत. बरग्यांच्या दोन ओळींत माती भरून उन्हाळ्याचे पाणी अडवायचे आणि पावसाळ्याआधी बरगे काढून पूर मोकळा सोडायचा, ही त्यांची रीत. मोठ्या धरणांत ही सोय जवळजवळ नाही. घटप्रभेवर हिडकल, दूधगंगेवर काळम्मावाडी आणि खाली श्रीशैलम व नागार्जुनसागर उभे राहिल्यावर गाळ जलाशयांतच बसू लागला. विजयवाड्याजवळ 1966-69 मध्ये वर्षाला सुमारे 90 लाख टन गाळ जात असे. 2000-05 पर्यंत तो 4 लाख टनांच्या आसपास आला. लाटांनी नेलेल्या वाळूची भरपाई होईना आणि मुखाजवळचा किनारा बऱ्याच ठिकाणी झिजू लागला. याच खोऱ्यातल्या तुंगभद्रा धरणाची साठवण मुळात 133 टीएमसी होती. गाळ साचून ती आता सुमारे 105 टीएमसी उरली आहे.