लोहोद्योग, लोणारी कोळसा आणि १८९२ ची पुण्यातील औद्योगिक परिषद

महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेले व्याख्यान अभ्यासकांना परिचित आहे. रिकार्डोप्रणीत सिद्धांत देशकालनिरपेक्ष नव्हेत, हे त्याचे सूत्र. त्याच वर्षी पुण्याच्या औद्योगिक परिषदेत लोहोद्योगातील आद्य प्रयत्नांवर त्यांनी वाचलेला निबंध मात्र सहसा नामोल्लेखापुरताच उरतो. वस्तुतः पहिल्यातील तत्त्वाची कसोटी दुसऱ्यात लागते.

१८३० च्या सुमारास हीथ याने दक्षिण अर्काटातील पोर्टो नोव्हो येथे कंपनी सरकारच्या कर्जावर भट्ट्या उभारल्या. पुढे बीरभूम व कुमाऊँ येथेही तसेच प्रयत्न झाले. खनिज उत्तम होते, तरी एकही कारखाना टिकला नाही. भांडवल अपुरे होते हे खरे. पण मूळ अडचण जळणाची होती. भट्टीतील कोळसा केवळ उष्णता देत नाही, खनिजातील प्राणवायू काढून घेण्याचे कामही तोच करतो. त्यामुळे लोणारी कोळशावर चालणारी भट्टी जितकी मोठी, तितका रानावरचा भार अधिक. जवळचे रान सरले की लाकूड दुरून आणावे लागे. लोखंड स्वस्त व्हावे म्हणून वाढविलेले उत्पादनच अखेर ते महाग करी. आणि त्याची स्पर्धा तर दगडी कोळशावर गाळलेल्या विलायती लोखंडाशी होती.

खाजगी साहस जेथे थकते तेथे सरकारने पुढाकार घ्यावा, हा रानड्यांचा निष्कर्ष होता. तो त्या काळी धाडसाचाच म्हणावा लागेल. परंतु या हिशेबात रान येते ते बव्हंशी खर्चाची बाब म्हणून. १८७८ च्या वनकायद्याने गावकऱ्यांच्या लाकूडफाट्यावर निर्बंध आले होते. ठाणे-कुलाब्यातील तक्रारींसाठी १८८५ मध्ये आयोगही नेमावा लागला होता. सरकारी भट्टी पेटली असती तर तिचे सरपण कोणाच्या वाट्याचे असते, हा प्रश्न निबंधाच्या कक्षेबाहेरच राहिला.

चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाचा १८८२ चा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला होता. पण वरोऱ्याचा दगडी कोळसा भट्टीस निरुपयोगी ठरला. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या कंपनीने झरियाच्या कोळशाच्या आधारे साकची येथे कारखाना उभारला आणि १९१२ मध्ये तेथे पहिले पोलाद निघाले.